प्रथम माणूस, नंतर माल
मालवाहू गाडीच्या अपघातानंतर व्यापारी कुटुंबाचे कर्तव्य

व्यापारी घरात रात्री अडीच-तीनच्या सुमारास वाजणारा फोन सहसा शुभवार्तेचा नसतो. सांगलीहून हळद, लातूरहून तूरडाळ, इचलकरंजीहून कापड किंवा जालन्याहून लोखंडी सळई घेऊन निघालेली गाडी घाटात उलटली, कुणा दुचाकीस्वाराला धडक बसली, क्लीनर जखमी आहे, असे तुटक शब्द कानी पडतात. त्या क्षणी पेढीच्या मालकाच्या तोंडून जो पहिला प्रश्न निघतो, तोच पुढील घटनांची दिशा ठरवतो. ‘माल किती गेला?’ असे विचारले, तर पलीकडचा भेदरलेला चालक माल सावरू लागतो. ‘माणसे कशी आहेत?’ असे विचारले, तर तो माणसांकडे धावतो.

अपघातानंतर करावयाच्या गोष्टी अनेक आहेत, परंतु त्यांचा क्रम एकच आहे : आधी माणूस, मग सत्य, आणि शेवटी माल. हा क्रम धर्माने सांगितलेला आहेच, पण देशाचा कायदाही त्याच क्रमाने चालतो. व्यवहाराच्या दृष्टीने पाहिले तरी हा क्रम पाळणाऱ्याचेच नुकसान सर्वांत कमी होते.

पहिला तास माणसाचा

वैद्यकशास्त्रात गंभीर दुखापतीनंतरच्या पहिल्या तासाला ‘सुवर्ण तास’ म्हणतात. आपल्या मोटार वाहन कायद्यानेही २०१९ च्या दुरुस्तीत ही संकल्पना स्वीकारली आहे. या तासात तीन क्रमांक उपयोगी पडतात : सर्व प्रकारच्या आणीबाणीसाठी ११२, रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि राष्ट्रीय महामार्गावरील मदतीसाठी १०३३. फोन करताना ‘घाटात’ किंवा ‘ढाब्याजवळ’ एवढे सांगून भागत नाही. किलोमीटरचा दगड, जवळचा टोलनाका, गाडी कोणत्या शहराच्या दिशेने जात होती आणि जखमी किती, हे सांगावे.

इंजिन बंद करावे, धोक्याचे दिवे लावावेत, परावर्तक त्रिकोण गाडीच्या बऱ्याच मागे ठेवावा. रात्री उलटलेल्या ट्रकवर मागून दुसरे वाहन आदळण्याचा धोका मोठा असतो. म्हणून उभे राहायचे ते रस्त्याच्या कडेला, कठड्यापलीकडे. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापडाने जखम घट्ट दाबून धरावी. आग किंवा दुसऱ्या धडकेचे भय नसेल, तर मान व पाठीला मार लागलेल्या माणसाला ओढून बाहेर काढू नये. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नये. आपल्याकडे करुणेपोटी ही चूक हटकून होते.

टँकर असेल तर करुणेलाही अंतर राखावे लागते. १३ जून २०२३ रोजी मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर लोणावळ्याजवळ रसायनाच्या टँकरला आग लागली. पेटते रसायन पुलावरून खाली सांडले आणि त्या दुर्घटनेत चार जणांचे प्राण गेले. म्हणून टँकरजवळ बिडी-काडी नको, सांडलेला द्रव गोळा करणे नको, आणि थांबायचे ते वारा जिकडून येतो त्या बाजूस.

जखमीला रुग्णालयात नेले तर पोलिसांचे झेंगट मागे लागेल, ही जुनी भीती आता मनातून काढून टाकावी. ३० मार्च २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने मदतकर्त्याच्या संरक्षणाचे नियम बंधनकारक केले आणि पुढे मोटार वाहन कायद्यात १३४-अ हे कलम आले. मदत करणाऱ्यावर त्यासाठी दिवाणी वा फौजदारी जबाबदारी येत नाही, आणि नाव सांगण्याची वा साक्षीदार होण्याची सक्ती त्याच्यावर करता येत नाही. मे २०२५ पासून लागू झालेल्या केंद्र सरकारच्या योजनेनुसार रस्ते-अपघातातील जखमीला निश्चित केलेल्या रुग्णालयात सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांचे उपचार रोख रक्कम न भरता मिळतात. तेव्हा ‘पैसे कोण भरणार?’ या विचारात रुग्णवाहिका थांबवून ठेवण्याचे कारण उरलेले नाही.

सत्याची पहिली परीक्षा : चालक

अपघातानंतर चालक पळून जातो, असे आपण नेहमी वाचतो. तो निर्दय असतो म्हणूनच पळतो असे नाही. जमावाच्या माराची त्याला भीती असते आणि ती निराधार नसते. कायद्यालाही हे ठाऊक आहे. मोटार वाहन कायद्याचे कलम १३४ चालकाला जखमीच्या उपचाराची व्यवस्था करण्यास आणि पोलिसांना माहिती देण्यास सांगते, पण जमावाच्या संतापामुळे ते अशक्य असेल तर ती अडचण मान्यही करते. म्हणून मालकाने फोनवर स्पष्ट सांगावे : ‘जिवाला धोका वाटत असेल तर तेथून बाजूला हो, पण ११२ ला कळव आणि सरळ जवळच्या पोलीस ठाण्यात जाऊन बस. मी येतो आहे.’ यातले ‘मी येतो आहे’ हे तीन शब्द चालकाला पळण्यापासून रोखतात.

भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ नुसार निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्यास पाच वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. माहिती न देता पळून जाणाऱ्या चालकाला दहा वर्षांपर्यंत शिक्षेची तरतूद करणाऱ्या उपकलमाविरुद्ध जानेवारी २०२४ मध्ये देशभर ट्रकचालकांनी संप केला. १ जुलै २०२४ रोजी नवी संहिता लागू झाली, तेव्हा ते उपकलम स्थगित ठेवण्यात आले. शिक्षा कितीही असो, पळण्याने निष्काळजीपणाचा संशय बळावतो, हे चालकाला आधीच समजावून ठेवलेले बरे.

खरी कसोटी याहून नाजूक असते. चालकाचा परवाना संपलेला असतो, किंवा गाडी क्लीनर चालवत असतो. मग कुणीतरी हितचिंतक सुचवतो, ‘दुसऱ्या परवानाधारकाला उभा करा.’ ही सूचना क्षणभर व्यवहारी वाटते. पण जखमींचे जबाब, टोलनाक्यावरील चित्रीकरण, मोबाइलची नोंद आणि रुग्णालयाचे कागद यांपुढे असत्य फार काळ टिकत नाही. मग मूळ अपघाताखेरीज खोट्या पुराव्याचा गुन्हा माथी येतो आणि विम्याचा दावाही बुडतो. परवाना नसणे हा दोष आहे, पण तो लपवण्यासाठी निरपराध माणसाला आरोपी म्हणून उभे करणे हे पाप आहे. सत्याणुव्रताची परीक्षा प्रवचनाच्या मंडपात होत नाही. ती पोलीस ठाण्याच्या बाकावर होते.

कागदांची शिस्त

घटनास्थळाची छायाचित्रे गाडी हलवण्यापूर्वी घ्यावीत : दोन्ही वाहनांचे क्रमांक, टायरच्या खुणा, रस्त्यावरील खड्डा किंवा नसलेला फलक, मालाची अवस्था. पंचनामा होताना पेढीचा जबाबदार माणूस हजर असावा आणि वाचल्याशिवाय सही करू नये. घटना कोणत्या ठाण्याच्या हद्दीत घडली याचा वाद निघाला, तर कोणतेही ठाणे फिर्याद नोंदवून घेऊन ती योग्य ठाण्याकडे पाठवू शकते. यालाच ‘झिरो एफआयआर’ म्हणतात. फिर्यादीची प्रत, पंचनामा, परिवहन अधिकाऱ्याचा वाहन-तपासणी अहवाल आणि वैद्यकीय कागद एकाच फाइलीत जमा करावेत.

विमा कंपनीला त्याच दिवशी कळवावे. फोनने कळवले तरी लेखी कळवणे आवश्यक आहे. सर्वेक्षक पाहणी करीपर्यंत गाडी दुरुस्तीला काढू नये. आर.सी. बुक, फिटनेस, परमिट, परवाना आणि विमा या पाचांपैकी एकही कालबाह्य असेल तर दावा अडचणीत येतो. अशा वेळी काही प्रकरणांत प्राधिकरण विमा कंपनीला जखमीस पैसे देण्यास सांगते आणि ती रक्कम नंतर मालकाकडून वसूल करण्याची मुभा देते. छोट्या टेम्पोबाबत मात्र एक दिलासा आहे. ६ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने निर्णय दिला की, हलक्या मोटार वाहनाचा परवाना असलेला चालक ७,५०० किलोपर्यंत एकूण वजनाचे मालवाहू वाहन चालवू शकतो.

आणखी एक गोष्ट अनेक घरांत दुर्लक्षित राहते. जुनी गाडी विकली, पैसे मिळाले, पण आर.सी. बुकावरील नाव बदललेच नाही. उद्या त्या गाडीने अपघात केला तर भरपाईची जबाबदारी नोंदणीकृत मालकावर, म्हणजे आपल्यावरच येते. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये हे स्पष्ट केले आहे.

आता मालाची पाळी

माणसांची सोय लागली आणि पोलिसांना माहिती दिली, की मालाकडे वळावे. सांडलेला माल लोक उचलून नेतात, पाऊस आला तर उरलेलाही जातो. विमा उतरवला आहे म्हणून हात बांधून बसणे चुकीचे आहे. विमा नसता तर आपण जशी काळजी घेतली असती तशीच घेणे, ही मालवाहतूक विम्याची अट असते. ताडपत्री, पहारा आणि दुसरी गाडी यांची व्यवस्था लगेच करावी आणि त्या खर्चाच्या पावत्या जपाव्यात.

माल दुसऱ्या गाडीत भरल्यास ई-वे बिलाच्या ‘ब’ भागात नव्या गाडीचा क्रमांक भरावा लागतो. मुदत संपत आली असेल तर ती संपण्याच्या आठ तास आधीपासून आठ तास नंतरपर्यंत वाढवून घेता येते. जो माल नष्ट झाला त्यावरील वस्तू व सेवा कराचे इनपुट क्रेडिट घेता येत नाही. घेतले असल्यास ते परत करावे लागते. म्हणून नुकसानीचा हिशेब करताना ही रक्कमही विचारात घ्यावी आणि विम्याच्या मूल्यात कर धरला आहे की नाही, ते तपासावे.

गाडी हुंडेकऱ्याची असेल तर बिल्टी हा आपला मुख्य आधार. २००७ च्या रस्ता मालवाहतूक कायद्यानुसार मालाचे अधिक मूल्य आधी जाहीर केलेले नसेल, तर वाहतूकदाराची जबाबदारी भाड्याच्या दहापटीपर्यंतच मर्यादित राहते. लाखाचा माल आणि पाच हजार भाडे असेल, तर हाती पन्नास हजारच येतील. नुकसानीची लेखी सूचना माल बुक केल्याच्या दिवसापासून १८० दिवसांच्या आत वाहतूकदारास पोहोचली नाही, तर दावाच करता येत नाही. जुन्या ओळखीच्या भिडेपोटी नोटीस लांबवणारे व्यापारी कमी नाहीत. नोटीस दिल्याने संबंध तुटत नाहीत, उलट त्यात स्पष्टता येते. माल उतरवून घेताना तुटफूट बिल्टीवर लिहून मगच सही करावी.

डिझेल वा रसायन लागलेले धान्य ‘वरवर साफ करून’ बाजारात पाठवण्याचा मोह हाही सत्याचाच प्रश्न आहे. तो माल विमा कंपनीच्या संमतीने नष्ट करावा. कुणाच्या तरी ताटात तो जाता कामा नये.

चालकाचे घर

या सर्व धावपळीत सर्वांत आधी विसरले जाते ते चालकाचे कुटुंब. त्याच्या घरी बातमी गावातल्या तिसऱ्याच माणसाकडून जाऊ नये. ती पेढीने स्वतः द्यावी. कामावर असताना चालक वा क्लीनर जखमी झाला किंवा मृत्यू पावला, तर भरपाई देणे मालकाचे कायदेशीर कर्तव्य आहे. देय झाल्यापासून एक महिन्यात रक्कम न दिल्यास १२ टक्के व्याज आणि विलंबाला सबळ कारण नसेल तर रकमेच्या ५० टक्क्यांपर्यंत दंड होऊ शकतो. वाहनविम्यात चालकाची ही जबाबदारी समाविष्ट असते. मात्र त्यासाठी तो आपल्या नोकरीत होता हे दाखवणारी पगाराची नोंद हवी. रोखीने पगार आणि कागद कोरा, अशा पेढीत चालकाच्या विधवेला आपली ओळख सिद्ध करण्यासाठी वर्षानुवर्षे झगडावे लागते. हा तिच्यावर झालेला दुसरा अपघातच म्हणावा लागेल.

मालासोबत मालमालक किंवा त्याचा अधिकृत प्रतिनिधी गाडीत असेल तर त्याला विम्याचे संरक्षण असते. वाटेत पैसे घेऊन वा दयेपोटी बसवलेल्या प्रवाशाला मात्र ते नसते. चालकाला हे बजावून ठेवावे.

आपल्यापैकीच कुणी बळी ठरले तर

कधी धडक देणारी गाडी दुसऱ्याची असते आणि जखमी आपल्या घरातला. अशा वेळी मोटार अपघात दावा प्राधिकरणाकडे अर्ज करावा लागतो. अपघातापासून सहा महिन्यांच्या आत तो करावा, असे कायदा आता सांगतो. दुःखाच्या पहिल्या महिन्यांत कोर्टाचे नाव नकोसे वाटते, पण ही मुदत लक्षात ठेवावी. अर्ज अपघाताच्या ठिकाणी, तसेच अर्जदार राहतो वा व्यवसाय करतो तेथील प्राधिकरणाकडेही करता येतो. त्यामुळे परगावच्या खेपा वाचतात. १ एप्रिल २०२२ पासूनच्या नियमांनुसार पोलिसांनी ४८ तासांत प्राथमिक आणि ९० दिवसांत सविस्तर अहवाल प्राधिकरणाला द्यायचा असतो. त्याचा पाठपुरावा करावा.

धडक देऊन वाहन पळून गेले आणि सापडले नाही, तरीही मार्ग बंद होत नाही. मृत्यू झाल्यास दोन लाख आणि गंभीर दुखापतीस पन्नास हजार रुपयांची तरतूद आहे. त्यासाठी तहसील वा उपविभागीय कार्यालयात अर्ज करावा. सापडलेल्या वाहनाबाबत चूक कोणाची हे सिद्ध न करताही मृत्यूसाठी पाच लाख आणि गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख मागता येतात. कोणता मार्ग निवडावा हे वकिलाशी बोलून ठरवावे, आणि रुग्णालयाच्या दारात भेटणाऱ्या मध्यस्थाने पुढे केलेल्या कोऱ्या कागदावर सही करू नये.

मोठ्या भरपाईचा आधार उत्पन्नाचा पुरावा असतो. विवरणपत्रात जे दाखवले नाही, ते न्यायालयात मागता येत नाही. गृहिणीच्या श्रमांचेही मूल्य न्यायालये धरतात, हे तिच्या कुटुंबाने विसरू नये.

विहारातील साधू-साध्वी

पहाटेच्या अंधुक प्रकाशात महामार्गाच्या कडेने चालणारे साधू-साध्वी अवजड वाहनांच्या धडकेने कालवश झाल्याच्या वार्ता आपल्या समाजाने वारंवार सोसल्या आहेत. त्यांच्याजवळ ना फोन, ना ओळखपत्र. म्हणून विहारात सोबत असणाऱ्या सेवकाजवळ संघाचे दोन संपर्क क्रमांक, रक्तगट आणि पुढील मुक्कामाचे ठिकाण लिहिलेला कागद असावा. मागे-पुढे परावर्तक जाकीट घातलेला स्वयंसेवक असावा.

याहून कठीण प्रश्न मर्यादेचा आहे. जखमी साध्वीजींना वाहनात कसे न्यायचे, स्पर्श कोणी करायचा, या विचारात सुवर्ण तास निघून जातो. आगमिक परंपरेने उत्सर्गाबरोबर अपवादाचाही विचार केला आहे आणि अपवादानंतर प्रायश्चित्ताची व्यवस्थाही सांगितली आहे. अशा प्रसंगी काय करावे, हे रक्त वाहत असताना रस्त्यावर ठरवू नये. संघाने गुरुजनांना विनयाने आधीच विचारून ठेवावे आणि तो निर्णय प्रत्येक विहारसेवकाला ठाऊक असावा.

अतिभारारोपण

अहिंसाणुव्रताच्या पाच अतिचारांत अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध हे दोन येतात. जनावरावर शक्तीपलीकडे ओझे लादणे आणि त्याचे अन्नपाणी तोडणे, असा त्यांचा मूळ अर्थ. श्वेतांबर परंपरेत श्रावकाने टाळावयाच्या पंधरा कर्मादानांत शकटकर्म आणि भाटककर्म यांचाही उल्लेख आहे. गाडीधंद्यातील हिंसेचे भान आपल्या पूर्वजांना किती सूक्ष्म होते, हे यावरून कळते. बैलाची जागा इंजिनाने घेतली म्हणून अतिचार संपला नाही. दहा टनांच्या गाडीत चौदा टन भरले की ब्रेकवर भार पडतो, लांब उतारावर ते तापून निकामी होतात, आणि डिझेल वाचवण्यासाठी चालकाने गाडी न्यूट्रलमध्ये सोडली तर तिला आवरणारे काहीच उरत नाही. २० नोव्हेंबर २०२२ रोजी पुण्याच्या नवले पुलाजवळील उतारावर एका अवजड वाहनाने ४८ वाहनांना धडक दिली. उतारावर सुटलेली गाडी काय करू शकते, हे त्या रात्री दिसले.

जादा भारासाठी आज वीस हजार रुपये आणि प्रत्येक जादा टनामागे दोन हजार रुपये दंड आहे. चालकाच्या कामाची मर्यादा दिवसाला आठ तास आहे. ‘सकाळच्या लिलावापर्यंत गाडी मार्केट यार्डात पोहोचलीच पाहिजे’ असे आपण म्हणतो, तेव्हा त्या चालकाची झोप आपण विकत घेत असतो.

म्हणून या पर्युषणाआधी प्रत्येक पेढीने तीन साधी कामे करावीत. प्रत्येक गाडीत मराठी-हिंदीत छापलेला एक कागद ठेवावा : ११२, १०८, १०३३, मालकाचा क्रमांक, विमा पॉलिसीचा क्रमांक आणि ‘आधी जखमी, मग फोन, मग माल’ हे शब्द. दुसरे, सर्व चालकांच्या परवान्यांच्या आणि गाड्यांच्या फिटनेसच्या तारखा मुनीमजींच्या रोजच्या वहीत लिहाव्यात. तिसरे, गाडी भरताना वजनकाट्याची पावती मालकाने स्वतः पाहावी आणि जादा असेल तितकी पोती त्याच वेळी खाली उतरवावीत. क्षमापनेच्या दिवशी आपण सर्व जीवांची क्षमा मागतो. त्या जीवांत रात्री आपला माल घेऊन निघालेला चालक आहे आणि समोरून दुचाकीवर येणारा अनोळखी माणूसही आहे.